बुराक ते ‘सेमी पंच’

आमच्या आईच्या हिशेबात मांजर ही विकत घ्यायची गोष्टच नाही. म्हैस विकत घेतात, कोंबड्या विकत घेतात, मांजर येतं. जिन्याखाली भाटी विते, डोळे न उघडलेली पिलं तोंडात धरून सात घरं फिरवते आणि आठव्या घरात मुक्काम ठोकते. ते आठवं घर आपलं असलं तर आपल्याकडे मांजर आहे, एवढंच. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझी भाची विश्रांतवाडीत आमच्याकडे राहायला आली आणि जेवताना म्हणाली, “मामा, पर्शियन घेऊ की मेन कून?” तेव्हा आईला आधी वाटलं ती गालिचाबद्दल बोलतेय.

भाचीची नोकरी खराडीला, पण आठवड्यातले तीन दिवस काम घरूनच. सोबतीला मांजर हवं, तेही मोठं आणि केसाळ, इथपर्यंत तिचं ठरलेलं होतं. घोडं अडलं होतं दोन नावांपाशी. एका रविवारी आम्ही दोघं आळंदी रोडवरच्या एका दुकानात गेलो. पिंजऱ्यात पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी चार पिलं होती. दुकानदाराने भाव सांगण्याआधी शब्द शिकवले. नाक जरा लांबट असेल तर ‘डॉल फेस’. थोडं बसकं असेल तर ‘सेमी पंच’. तोंडावर कुणी गुद्दा घातल्यासारखं नाक डोळ्यांच्या रेषेत गेलं असेल तर ‘पंच फेस’, आणि त्याच्याही पुढचं ते ‘एक्स्ट्रीम’. केसांचं माप वेगळं. ‘ट्रिपल कोट’ म्हटलं की दोन-तीन हजार वाढले. मेन कून दुकानात नव्हतं. त्याचे फोटो मोबाइलमध्ये होते, आगाऊ पैसे भरायचे होते आणि किंमत लाखाच्या घरात होती.

“ही पिलं कुठली?” मी विचारलं.

“पर्शियन आहेत ना सर. ओरिजिनल.”

“म्हणजे आणली कुठून?”

“धानोरीतून. एक मॅडम घरीच ब्रीडिंग करतात.”

दुकानदार खरं तेच सांगत होता. पण ‘ओरिजिनल पर्शियन’ आणि ‘धानोरी’ ही दोन उत्तरं एका दमात ऐकल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. धानोरीच्या आधी कुठे? त्याच्या आधी कुठे? मागे मागे जात राहिलं तर इराण लागतं का?

पुण्यात इराण शोधायला फार लांब जावं लागत नाही. डेक्कनवरचं गुडलक १९३५ सालचं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी तिकडच्या सरकारने जगाला कळवलं की यापुढे आमच्या देशाला पर्शिया म्हणू नका, इराण म्हणा. पुणेकरांनी दोन्ही नावं ठेवून घेतली. चहा इराणी, मांजर पर्शियन. चहाचं ठीक आहे, तो विकणारी माणसं खरोखर यझ्द-केरमानकडून आलेली होती. मांजराचं काय?

युरोपातली मांजरांची पुस्तकं वंशावळीची सुरुवात एका इटालियन प्रवाशापासून करतात. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा खानदानी गृहस्थ. प्रेमभंगाच्या दुःखात तीर्थयात्रेला निघाला तो बारा वर्षं घरी परतलाच नाही. १६२० साली इस्फहानहून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने एका मांजराचं वर्णन केलं आहे. आकार आपल्या नेहमीच्या मांजराचाच, पण रंग राखाडी, केस रेशमासारखे मऊ आणि लांब, शेपूट इतकी झुबकेदार की खारीसारखी पाठीवर वळते. यांच्या जोड्या रोमला न्यायचा त्याचा बेत होता. त्याच पत्रात मांजराचा पत्ताही आहे: खोरासान. आजच्या नकाशावर खोरासान म्हटलं की इराणचा ईशान्य कोपरा दिसतो, पण त्या काळचा खोरासान पूर्वेकडे बराच पसरलेला होता. आज अफगाणिस्तानात असलेलं हेरात त्याच्या मोठ्या शहरांपैकी एक. म्हणजे पहिल्याच कागदावर हे मांजर पर्शियाच्या पार कडेला उभं आहे.

हा देल्ला वाल्ले पुढे आपल्याकडेही आला. १६२३ च्या सुरुवातीला तो सुरतेला उतरला, किनाऱ्याने चौल बघितलं, गोव्यात बरेच महिने राहिला, तिथून इक्केरीच्या नायकाच्या दरबारापर्यंत जाऊन आला. बायको वाटेत वारली होती. तिचं मसाले भरून जतन केलेलं शव तो पेटीत घालून रोमपर्यंत घेऊन गेला, हे प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. मांजरं रोमला पोचली की नाही याचा मात्र नीट धागा लागत नाही. तरी ‘पर्शियन मांजर’ या नावाची नाळ त्याच्या त्या एका पत्राशी जोडली गेली ती गेलीच.

या कथेतला दुसरा साक्षीदार मला आमच्या विश्रांतवाडीच्या वाटेवरच सापडला. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, दिघी-कळस करत आमच्या चौकात येते आणि फुलेनगर, संगमवाडीकडून पुण्यात शिरते. त्या वाटेने संगमवाडी ओलांडली की पलीकडे मुळा-मुठेचा संगम. इंग्रजांचा पेशव्यांच्या दरबारातला वकील, म्हणजे रेसिडेंट, या संगमावर राहायचा. १८११ पासून त्या बंगल्यात होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन; पुढे जो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि ज्याच्या नावाचं कॉलेज मराठी माणसाच्या तोंडात बसलं, तोच.

पुण्याला येण्याआधी एल्फिन्स्टन एका वेगळ्या कामगिरीवर जाऊन आला होता. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल या धास्तीने कंपनी सरकारने त्याला १८०८ साली काबूलच्या राजाकडे पाठवलं. तो काबूलला गेलाच नाही. शाह शुजाचा दरबार तेव्हा पेशावरला होता. तिथेच १८०९ मध्ये भेट झाली, राजाच्या अंगावरचा कोहिनूर त्याने पाहिला आणि करार करून परतला. पण हा माणूस हाडाचा टिपणी-बहाद्दर. व्यापारी, फकीर, घोडेवाले, जो भेटेल त्याला विचारून विचारून त्याने त्या देशाची माहिती गोळा केली होती. पुण्यात रेसिडेंट असताना, १८१५ साली, त्याचं काबूलच्या राज्यावरचं जाडजूड पुस्तक लंडनला छापून निघालं.

त्यात घोडे, उंट, दुंब्या मेंढ्या, शिकारी कुत्रे यांची नोंद करून झाल्यावर एल्फिन्स्टन मांजरावर येतो. तो सांगतो की इथल्या लांब केसांच्या मांजराला ‘बुराक’ म्हणतात. ती मोठ्या संख्येने बाहेर पाठवली जातात आणि सगळीकडे त्यांना पर्शियन मांजर म्हणतात. वास्तविक ज्या देशाचं नाव त्यांना चिकटलं आहे त्या देशात ती फारशी नाहीत, आणि तिथून ती क्वचितच बाहेर जातात.

दोनशे वर्षांपूर्वी संगमावर राहणाऱ्या माणसाने इतक्या स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलं होतं की पर्शियन मांजर पर्शियाचं नाही. दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई सुरू झाली. एल्फिन्स्टन बंगला सोडून नदीपलीकडे खडकीच्या छावणीत गेला आणि बाजीरावाच्या फौजेने रेसिडेन्सी जाळली. त्याची पुस्तकं, कागदपत्रं सगळी गेली. मांजराची नोंद मात्र आधीच छापली गेली होती म्हणून वाचली.

‘बुराक’ हा शब्द ऐकून पैगंबरांच्या स्वर्गीय वाहनाची आठवण होईल. मांजराशी त्याचा संबंध नाही. फारसीत आजही केसाळ मांजराला ‘गुर्बा-ए-बुराक’ म्हणतात, आणि त्याचं नातं तुर्की भाषांमधल्या ‘बराक’ या शब्दाशी लागतं. बराक म्हणजे झिपऱ्या, केसाळ. जुन्या तुर्कीत तो झिपऱ्या कुत्र्यासाठीही वापरत. म्हणजे ज्यांनी हे मांजर पाळलं त्यांनी त्याला कुठल्या देशाचं नाव दिलंच नव्हतं. ते त्याला फक्त ‘केसाळ’ म्हणत होते. देशाचं नाव लागलं ते खाली, गिऱ्हाइकाच्या गावात. खैबरखिंडीतून घोड्यांचे तांडे उतरायचे. त्यांच्याबरोबर हिंग, बदाम, मनुका यायच्या, आणि एखाद्या टोपलीत मांजरही. दिल्लीच्या नाहीतर लखनौच्या रईसाला ‘काबूलकडचं’ म्हणण्यापेक्षा ‘विलायत-ए-फारसचं’ म्हणणं भारदस्त वाटणारच. दरबाराची भाषा फारसी, कविता फारसी, मग मांजरानेच काय घोडं मारलं?

अशी नावं आपल्या स्वयंपाकघरात भरपूर आहेत. काबुली चणे काही काबूलच्या मातीत जन्मले नाहीत. ते त्या वाटेने आले. मोसंबीच्या नावात आफ्रिकेतलं मोझांबिक बसलेलं आहे. वस्तूच्या नावात बहुधा शेवटचा दुकानदार ऐकू येतो, शेतकरी नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘धानोरी’.

एल्फिन्स्टनच्या त्या मोहिमेतच लेफ्टनंट अर्विन नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या टिपणांमध्ये एक बारीक तपशील आहे आणि मला तो या सगळ्या वंशावळीचा कणा वाटतो. काबूलचे लोक या मांजरांना साबणाने धुतात आणि विंचरतात, म्हणजे केस आणखी वाढतात. केस विंचरून वाढतात की नाही हा भाग सोडा. पण विंचरणारा हात त्या कथेत पहिल्यापासून आहे. निसर्गाने केस दिले, जपले माणसाने.

तो हात पुढे इंग्लंडमध्ये फार मोठा झाला. १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं प्रदर्शन भरवलं. तोवर मांजर म्हणजे उंदीर मारणारा नोकर. त्याला गादीवर बसवून बक्षीस द्यायचं ही कल्पनाच नवी होती. लोकांची झुंबड उडाली. वेअरने १८८९ साली मांजरांवर पुस्तक लिहिलं तेव्हा लांब केसांच्या मांजरांचे त्याने वेगवेगळे प्रकार सांगितले: अंगोरा, म्हणजे तुर्कस्तानातल्या अंकाराकडचं, निमुळत्या चेहऱ्याचं, पर्शियन, डोक्याने मोठं, दाट केसांचं, शिवाय एक रशियन. पण प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात हे भेद टिकले नाहीत. सगळ्यांची एकमेकांत सरमिसळ झाली. १९०३ साली फ्रान्सिस सिम्प्सन या बाईंनी मांजरांचा मोठा ग्रंथ काढला तोवर अंगोरा आणि पर्शियन यांतला फरक इतका पुसट झाला होता की अंगोरा हा वर्ग त्यांनी बाजूलाच ठेवला. नाव उरलं पर्शियन. व्हिक्टोरिया राणीकडे निळसर राखाडी पर्शियन होती म्हटल्यावर बाकीच्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे आळंदी रोडच्या पिंजऱ्यातला तो पांढरा गुंडा हा खोरासानचा थोडा, काबूलच्या तांड्याचा थोडा, अंकाराचा थोडा आणि लंडनच्या दिवाणखान्यातल्या साध्या इंग्रजी मांजरांचा बराचसा. मी हे अंदाजाने म्हणत नाही. २००८ साली जगभरच्या मांजरांच्या डीएनएचा ताळा मांडणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुर्की अंगोरा आपल्या माहेरच्या, पूर्व भूमध्य किनाऱ्याच्या मांजरांजवळ बसलं. पर्शियन बसलं पश्चिम युरोपातल्या रस्त्यावरच्या मांजरांच्या पंक्तीत. त्याच्या अंगात पर्शियाचा पत्ता उरलेला नव्हता. एल्फिन्स्टन हसला असता.

आता दुसरा उमेदवार.

मेन हे अमेरिकेचं ईशान्य टोक. नकाशात कॅनडाच्या कुशीत घुसलेलं. हिवाळ्यात गोठ्याच्या दारापर्यंत बर्फ. इथलं मांजर कुणी विंचरलं नाही. ते कोठारात उंदीर मारायचं आणि थंडीत टिकलं तर पुढच्या वर्षी पिलं घालायचं. जे टिकले त्यांचे केस लांब, तेलकट, पाणी न धरणारे. मानेभोवती आयाळ, कानांच्या टोकांना झुपके, पंजांच्या बोटांमधून बाहेर आलेले केस, जणू बर्फावर चालायचे जोडे. झोपताना शेपूट अंगाभोवती गुंडाळली की रजई.

एवढं विलक्षण जनावर दिसलं की माणसं गोष्टी रचतात. शेपटीवर रकूनसारखे पट्टे, म्हणून मांजर आणि रकून यांची ही संतती अशी एक समजूत. ‘कून’ हे नाव त्यातूनच आलं. जीवशास्त्राच्या हिशेबाने ते अशक्य आहे. दुसरी गोष्ट जास्त शोभिवंत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत पळून अमेरिकेला जाणार होती, कॅप्टन सॅम्युएल क्लफच्या जहाजावर तिचं सामान चढलं, तिची लाडकी केसाळ मांजरं चढली. राणीचं डोकं गेलं आणि मांजरं मेनच्या विस्कॅसेट बंदरात उतरली. कहाणी म्हणून छान. खरा मामला जहाजांचाच असावा, पण राणीविना. त्या किनाऱ्यावरून गलबतं जगभर जायची, प्रत्येक जहाजावर उंदीर, म्हणून प्रत्येक जहाजावर मांजर. कुठलं तरी केसाळ मांजर उतरलं आणि बाकीचं काम हिवाळ्याने केलं.

याच किनाऱ्याच्या जहाजांशी आपल्या मुंबईचं एक जुनं नातं आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनचे व्यापारी तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, अर्ध्या जगाला वळसा घालून हिंदुस्थानात विकायला आणत. कलकत्त्याला पहिला माल १८३३ साली उतरला, पाठोपाठ मुंबईला. १८४० च्या दशकात मुंबईत बर्फ साठवायला खास कोठार उभं राहिलं. ज्या मुलखातून आपल्याकडे थंडावा यायचा, त्याच मुलखातलं मांजर आता येतं आणि इथे उतरलं की त्याला एसी लागतो.

या दोन मांजरांमधली निवड माझ्या भाचीने पहिल्यांदा केलेली नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. ती अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती. मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. सर्वोत्तम मांजराचं चांदीचं पदक आणि गळपट्टा मिळाला ‘कोझी’ नावाच्या तपकिरी पट्ट्यांच्या मांजरीला. ती मेनकडची लांब केसांची होती. सिम्प्सनबाईंच्या ग्रंथात मेनच्या मांजरांवर एक प्रकरण आहे. ते लिहिणाऱ्या पिअर्सबाईंनी १८६१ सालच्या आपल्या काळ्या-पांढऱ्या बोक्याची आठवण दिली आहे. त्याचं नाव कॅप्टन जेंक्स ऑफ द हॉर्स मरिन्स; नावावरूनच बोक्याचा रुबाब कळतो.

पण विलायतेहून पर्शियन येऊ लागले आणि चित्र पालटलं. हे परदेशी, ते गावठी. हे राणीकडचं, ते गोठ्यातलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच मेनचं मांजर बक्षिसांच्या यादीतून उतरत गेलं, आणि शतकाच्या मध्यावर तर ते नामशेष झालं असंही जाहीर करून झालं. ते नामशेष कुठे होणार? ते गोठ्यात उंदीर मारत होतं, फक्त प्रदर्शनात दिसत नव्हतं. १९५३ साली मेनमधल्या काही जणांनी त्याच्यासाठी क्लब काढला. १९७६ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या नोंदणी संस्थेने त्याला पुन्हा स्पर्धेत घेतलं, १९८५ मध्ये मेन राज्याने त्याला राज्याचं मांजर ठरवलं. मग पारडं असं फिरलं की गावठी म्हणून हिणवलेलं मांजर आज आमच्या विश्रांतवाडीत पर्शियनच्या दहापट भावाने विकलं जातं. जगातल्या सर्वांत लांब मांजरांचे विक्रमही बहुतेक याच्याच नावावर. स्टुई नावाचा बोका २०१० मध्ये नाकापासून शेपटाच्या हाडापर्यंत १२३ सेंटिमीटर भरला होता. आमच्या जेवणाच्या टेबलाची रुंदी त्याहून कमी आहे.

दरम्यान पर्शियनचं नाक आत जात होतं. वेअरच्या काळातल्या चित्रांत पर्शियनला चांगलं नाक आहे. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, पिढ्यान्‌पिढ्या बसक्या चेहऱ्याची पिलं निवडत गेले आणि चेहरा ताटलीसारखा झाला. गंमत अशी, की दुकानदाराचा सगळ्यांत स्वस्त ‘डॉल फेस’ हाच जुना, खानदानी चेहरा. आणि सगळ्यांत महाग ‘एक्स्ट्रीम’ हा आजोबांच्या काळात कुणी पाहिलाही नव्हता. ‘ओरिजिनल’ म्हणून जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक खरं म्हणजे सर्वांत नवा माल घेत असतं.

केसांच्या गोष्टीचा शेवटचा धागा प्रयोगशाळेत आहे. शरीरात एफजीएफ-५ नावाचं एक जनुक केसाला ‘आता वाढायचं थांब’ अशी आज्ञा देतं. ते बिघडलं की केस वाढतच राहतात. २००७ साली कळलं की मांजरांमध्ये हा बिघाड निरनिराळ्या वेळी झालेला आहे. त्याचे चार प्रकार तेव्हा सापडले. त्यातला एक जवळजवळ सगळ्या केसाळ जातींमध्ये सामायिक आहे, पर्शियनमध्येही आणि मेन कूनमध्येही. बिघाड आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच पिलू केसाळ होतं. एकाकडूनच मिळाला तर तो आखूड केसांखाली लपून पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. म्हणून आमच्या गल्लीतली एखादी साधी पट्टेरी भाटी अचानक एक झिपरं पिलू घालते आणि वॉचमन म्हणतो, पर्शियन आलं.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “मामा, इतिहास मस्त आहे. घेऊ कुठलं?”

मग आम्ही इतिहासाचाच हिशेब केला. पर्शियन हे हाताने घडवलेलं मांजर, म्हणून त्याला हात जन्मभर लागतो. रोज विंचरलं नाही तर आतल्या मऊ केसांच्या जटा होतात, त्या कातडी ओढतात, खाली जखमा होतात. बसक्या नाकाला श्वास कमी पडतो, डोळ्यांतून पाणी गळत राहतं. पुण्याच्या तापमानाच्या बातमीत लोहगावचा आकडा शिवाजीनगरपेक्षा वर असतो आणि लोहगाव आमच्या शेजारी. एप्रिलच्या दुपारी वीज गेली तर ‘एक्स्ट्रीम पंच’चं काय होईल याचा विचार विकणारा करत नाही. शिवाय या घराण्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार पसरलेला आहे. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं, आता साध्या चाचणीत कळतं.

मेन कून हे हवामानाने घडवलेलं. विंचरायला आठवड्यातून दोनदा पुरे, नाक मोकळं, स्वभाव कुत्र्यासारखा मागे मागे फिरणारा. पण नर सहज सहा-आठ किलोंचा, पूर्ण वाढायला तीन-चार वर्षं घेणारा, चढायला-उड्या मारायला जागा मागणारा. ज्या थंडीने त्याला घडवलं ती इथे नाही आणि जे काम त्याने दोनशे वर्षं केलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत नाही. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजारही घराण्यात चालत येतो. त्यामागचा एक जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला. लाख रुपये मोजणाऱ्याने आई-बापांच्या चाचणीचे कागद मागितलेच पाहिजेत. आम्ही मोबाइलवरून मागितले. समोरून ‘सर, गॅरंटी आहे’ एवढंच उत्तर आलं.

निवड शेवटी आम्ही केलीच नाही. वैशाखात भाचीच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांची तीन वर्षांची मांजरी कुणी घेता का, असा निरोप फिरत आला. आम्ही बघायला गेलो. पांढरी, डॉल फेस, डोळे तांब्याच्या रंगाचे. पोटाखाली आणि काखेत अशा जटा होत्या की बोट शिरेना. सामान बांधायच्या गडबडीत महिनाभर कुणी विंचरलं नव्हतं. डॉक्टरांकडे नेली तेव्हा त्यांनी बघूनच मशीन काढलं. तासाभराने ती बाहेर आली ती डोकं, शेपटीचा गोंडा आणि मधे गुलाबी कातडी अशी. चारशे वर्षांचा प्रवास जमिनीवर पांढऱ्या ढिगात पडला होता आणि टेबलावर बसलेली आकृती आमच्या कुंपणावरच्या कुठल्याही मांजरासारखी दिसत होती.

लशीचं पुस्तक भरायला घेताना डॉक्टरांनी विचारलं, “ब्रीड काय लिहू?”

भाची म्हणाली, “केसाळ.”

डॉक्टरांनी एकदा मांजराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. “पर्शियन लिहितो,” ते म्हणाले आणि लिहिलं.

दिवाळीपर्यंत केस परत आले. भाचीने विशेष कंगवा मागवला होता, तो मांजरीला आवडला नाही. एका संध्याकाळी बघतो तर आई गॅलरीत बसलेली, मांडीवर मांजर, आणि हातात स्वतःची जुनी लाकडी फणी. मानेपासून शेपटीकडे, मग उलटं, पुन्हा सुलटं. जट लागली की बोटांनी हलकेच सोडवायची, ओढायची नाही. लहानपणी बहिणींच्या वेण्या घालताना तिचे हात असेच चालायचे. फणीत अडकलेला पुंजका ती बाजूला काढून ठेवत होती.

“मांजर विकत घेत नाहीत म्हणत होतीस,” मी म्हणालो.

“घेतलं कुठे? आलंय,” ती म्हणाली. मग फणी थांबवून भाचीला विचारलं, “पण हिचं माहेर कुठलं गं?”

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी खोरासानपासून सुरुवात करणार एवढ्यात तीच म्हणाली, “धानोरी, आजी.”

“हां, जवळच की,” आई म्हणाली आणि पुन्हा विंचरू लागली.